मोकळी पुनव

फळझाडांच्या नर्सरीत थंडी सरताना सगळ्यात मोठं काम असतं ते पट्ट्या सोडण्याचं. पानगळीच्या आधी रानटी खुंटावर डोळा भरतात, म्हणजे सालीला चीर देऊन तिच्यात चांगल्या झाडाची एक कळी बसवतात आणि वरून पट्टी आवळतात. कळी थंडीभर झोपते. थंडी सरली, मुळांतून रस चढू लागला, की खोड फुगतं आणि तीच पट्टी फास होते. मग ती सोडायची. एवढंच. यात चंद्राचं काही काम नाही. मी रोपशास्त्र शिकले आहे, त्यामुळे हे मी घरात वरचेवर सांगत असे.

आमच्या घरात मात्र पट्ट्या चंद्राला विचारून सुटतात. थंडीनंतरची पहिली पौर्णिमा. तिला कुणी रसाची म्हणतं, कुणी गांडुळांची, कारण त्याच सुमाराला माती मऊ होते आणि ती वर येतात. आमच्याकडे ती मोकळी पुनव. त्या दिवशी चंद्र उगवायच्या आत घरातली आणि आवारातली प्रत्येक गाठ सोडायची. गोण्यांची तोंडं, पडद्यांच्या दोऱ्या, बुटांच्या नाड्या, केस. कापायची नाही, सोडायची. चाकू लागला की कोवळी साल दुखते. आजी सांगायची, थंडी सगळ्यांना बांधून ठेवते, बीला, पाण्याला, माणसालाही. त्या संध्याकाळी ज्याला त्याला आपल्या वाटेनं जाऊ द्यावं. यायचं ते येतं, जायचं ते जातं. गाठी सोडताना ती गुणगुणायची:

मोकळी पुनव, रस चढे सालीखाली
सोड बाई गाठ, वाट कुणाची अडली

त्या वर्षी पुनवेच्या सकाळी फोन वाजला तेव्हा मी काचघराची झडप उघडत होते. पलीकडे भावजी. भावजी लोकांना गाडी चालवायला शिकवतात, पण त्या दिवशी त्यांना स्वतःलाच ब्रेक सापडत नव्हता.

“हिला पहाटे आणलं. कळा सुरू आहेत. डॉक्टर म्हणतात सगळं ठीक. मी ठीक नाही.”

“तुम्हाला कुठे व्हायचंय बाळ? ताईला द्या फोन.”

ताई म्हणाली, “याला आधी काहीतरी खायला घाला गं कुणीतरी. माझ्यापेक्षा हाच जास्त कण्हतोय.” आणि मग हळूच, “या वेळी होईल ना नीट?”

याआधी दोनदा नीट झालं नव्हतं. दोन्ही वेळा आई तिच्या उशाशी बसली होती. या वेळी आई नव्हती. पानगळीत गेली. दवाखान्यात एकाच माणसाला थांबू देत, बाबांचे गुडघे त्यांना एकटं सोडण्यासारखे नव्हते, म्हणून मी नर्सरीत आणि फोन माझ्या खिशात.

बाबा ओट्यावर बसून बुटांच्या नाड्या काढत होते. नुसत्या सोडत नव्हते, ओवलेल्या बाहेरच काढत होते.

“वेणी सोड,” ते म्हणाले.

“बाबा, मला काम आहे. केस तोंडात जातात.”

“जाऊ दे. शास्त्रज्ञ बाईंच्या तोंडात थोडे केस गेले तर बोलणं तरी कमी होईल.”

मी वेणी सोडली. त्यांच्यासाठी नव्हे, ताईसाठी. हे त्यांना कळलं आणि त्यांनी दुसऱ्या बुटाची नाडी ओढली.

दुपारपर्यंत मी सफरचंदाच्या सगळ्या ओळी मोकळ्या केल्या. उरली ती कुंपणाकडची नासपतीची एक ओळ. आईची ओळ. जायच्या आदल्या आठवड्यात तिनं भरलेले ते शेवटचे डोळे. प्लॅस्टिकची पट्टी तिला आवडत नसे. जुन्या चादरीच्या बोटभर चिंध्या फाडून, मेणात बुडवून ती वापरायची. गाठ मारून झाली की अंगठ्यानं दाबायची. मेणावर तो अंगठा अजून उमटलेला होता, प्रत्येक रोपावर.

मी बाबांना सांगितलं होतं की नासपतीला आणखी पंधरा दिवस आधार लागेल, हवा अजून गार आहे. हे खरं नव्हतं. खोडं फुगून पट्टीच्या वर-खाली उशीसारखी आली होती. मला दिसत होतं. पण सोडलेली गाठ परत आईची होणार नव्हती.

बाबा फक्त म्हणाले होते, “आता तुझी ओळ आहे. तू बघ.”

जेवून परत आले तेव्हा फाटक उघडं होतं. त्याची कडी मोडली आहे, म्हणून मी ते दोरीनं बांधते. पुनव असली तरी गुरं आत शिरतात. दोरी खांबाखाली पडलेली होती. मी परत बांधली. मग बघितलं, तर माझ्या ॲप्रनचा बंद सुटलेला. तो बांधला. नळीचं वेटोळं ज्या सुतळीनं आवळलं होतं ती सुतळी जमिनीवर. यात विशेष काही नव्हतं. बाबा हिंडत असतील, दुसरं काय.

बाबा खुर्चीत झोपले होते. तोंड उघडं, बूट पायाशी, कोरडे.

मी कुंपणाकडे गेले. आईच्या ओळीतलं पहिलं रोप मोकळं होतं.

चिंधी खाली मातीवर होती. फाटलेली नाही, कापलेली नाही. मेणाच्या घडीसकट उलगडून सरळ ठेवलेली, जशी धुतलेली पट्टी वाळत घालतात. त्या ओळीत सकाळीच पाणी सोडलं होतं, माती लोण्यासारखी होती, आणि तिच्यावर गांडुळांनी काढलेल्या बारीक ढिगाऱ्यांखेरीज काही नव्हतं. मी मात्र पहिल्याच पावलाला घोट्यापर्यंत रुतले.

मी ओट्यावर परत आले आणि बाबांना उठवलं.

“तुम्ही आईच्या ओळीत गेला होता?”

“मी?” त्यांनी पाय पुढे केले. “या गुडघ्यांनी? त्या चिखलात? मला काढायला क्रेन आणावी लागली असती.”

“मग पट्टी कुणी सोडली?”

बाबांनी काठी जवळ ओढली. “सुटली ना? मग राहू दे.”

मी राहू दिली नाही. का, ते आजही नीट सांगता येत नाही. राग आला होता, एवढं खरं. कुणीतरी माझ्या हातातून काहीतरी काढून घेत होतं. मी परत गेले, चिंधी उचलली आणि खोडाला गुंडाळली. आईसारखी गाठ मला येत नाही. मी माझी मारली, आणि सुटू नये म्हणून वर आणखी एक.

चिखलाचे हात पुसते आहे तोच फोन वाजला.

“कळा थांबल्या,” भावजी म्हणाले. “एकदम. डॉक्टर म्हणतात कधीकधी होतं. वाट बघू म्हणतात.”

“कधीपासून?”

“आत्ता. हे काय, आत्ताच.”

मी त्यांना धीर दिला. पहिलटकरणीसारखंच आहे हे, वेळ लागतो, चहा प्या. फोन ठेवला आणि काचघरात जाऊन कुंड्या उगाच एका जागेवरून दुसऱ्या जागी ठेवत राहिले. माझा मेंदू शिकलेला आहे. दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या म्हणून एकीनं दुसरी घडवली असं होत नाही, हे मी मुलांना शिबिरात शिकवते.

पण काचेतून कुंपण दिसत होतं.

ऊन कलत होतं. ओळीत कुणी नव्हतं, वाराही नव्हता. तरी मी बघता बघता दुसऱ्या रोपाची पांढरी पट्टी ढिली झाली आणि खोडावरून घसरली. थोड्या वेळानं तिसऱ्याची. मधे तेवढाच अवकाश जात होता जेवढा माणसाला एका रोपापासून उठून दुसऱ्यापाशी बसायला लागतो. जराही घाई नाही. आई अशीच काम करायची, कंबर धरून, मधेच थांबून.

मला भीती वाटायला हवी होती. वाटली ती वेगळी. मला वाटलं, हे संपेल. ओळ संपली की संपेल.

सगळी रोपं मोकळी झाली. शेवटच्यापाशी जाऊन ते थांबलं. मग काहीच झालं नाही. पहिल्या रोपाची पट्टी तशीच राहिली, माझ्या दोन गाठींची.

फोन वाजला. भावजींचा आवाज बारीक झाला होता.

“ठोके कमी येतायत. बाळाचे. ऑपरेशनची तयारी करतायत, पण भूल देणारे डॉक्टर अजून... तू बाबांना सांगू नकोस.”

बाबा माझ्या मागे उभे होते. अनवाणी, काठी टेकत.

“कुठली राहिलीय?” त्यांनी विचारलं.

“पहिली. मीच परत बांधली.”

ते रागावले नाहीत. “जा,” म्हणाले. “चंद्र येतोय.”

झाडांच्या शेंड्यांमागे आभाळ पिवळसर होऊ लागलं होतं. मी चिखलात गुडघे टेकले. पट्टी दिसतच नव्हती इतकं खोड फुगलं होतं. सालीच्या दोन ओठांत ती बुडाली होती आणि गाठ तेवढी वर, ओली, दगडासारखी. सालीतून रस पाझरत होता. मी नखानं उकलायला गेले. नख मोडलं. चाकू खिशात होता.

चाकू मी दूर फेकला.

“आई,” मी म्हणाले. मोठ्यानं बोलायचं नव्हतं, पण बोलले. “मला सोडायची नव्हती गं.”

गाठ हलली नाही.

“आता सोडते. खरंच सोडते.”

वरची गाठ निघाली. खालची उरली. मी एक टोक धरून ढकलत होते, पलीकडून ते ओढायला दुसरा हात हवा होता, आणि माझा दुसरा हात खोड धरून होता.

पलीकडून कुणीतरी ओढलं.

जोरानं नाही. मी लहान असताना माझ्या फ्रॉकचे बंद अडकले की जशी आई ओढायची, तितकंच.

चिंधी माझ्या बोटांत आली. ती गरम होती.

खोडावर पट्टीची खोल, फिकट खूण होती आणि तिच्या वरती ती कळी. मी तिच्यावर हात ठेवला नाही. चंद्र शेंड्यांवर आला आणि सगळी ओळ उजळली. ओळीत मी एकटी होते. ते मला स्वच्छ कळलं, जसं घरातून कुणी गेलं की दार न बघताही कळतं.

ओट्यावर आम्ही दोघं फोन मधे ठेवून बसलो. बाबांनी माझ्या हातांतला चिखल आपल्या रुमालानं पुसला. मी लहान असल्यासारखा, एकेक बोट.

“तिनं माझ्या बाबतीत पण हेच केलं,” ते म्हणाले. “मी तिचं स्वेटर उशाखाली ठेवलं होतं. मागल्या आठवड्यात बाह्या उसवलेल्या सापडल्या. मी तुला बोललो नाही. म्हटलं, म्हातारा येडा झाला म्हणशील.”

“म्हटलंच असतं.”

“तेच की.”

फोन वाजला. आधी काहीच ऐकू येईना. मग एक बारीक, चिडका, न थांबणारा आवाज. भावजी रडत होते की बाळ, हे कळायला थोडा वेळ लागला. दोघंही रडत होते.

“मुलगी,” भावजी म्हणाले. “ऑपरेशन लागलंच नाही. आपली आपण आली. ऐका, ऐका कशी ओरडतेय.”

“आवाज कुणावर गेलाय ते सांगायला नको,” बाबा म्हणाले आणि उठून आत गेले. आतून खूप वेळ नळाचं पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी मला भेटू दिलं. वॉर्डच्या दाराशी डॉक्टरीणबाई भेटल्या. माझ्याच वयाच्या, डोळे तांबडे, हातात गार झालेला चहा. मी त्यांचे आभार मानले. त्या मोकळेपणानं हसल्या, पण जायला निघाल्या नाहीत.

“तुम्ही शास्त्रातल्या आहात ना? ताई सांगत होत्या.” त्यांनी कप खिडकीत ठेवला. “नाळ मी स्वतः बघितली. मधोमध गाठ आवळल्याची खूण होती. खोल. त्यानंच ठोके पडत असणार. पण गाठ नव्हती.”

“सुटली असेल.”

“नाळेची गाठ सुटत नाही. एक टोक बाळाला, एक आईला. बाळ पोटात तरंगताना एखाद्या वेढ्यातून आरपार जातं तेव्हा ती बसते. सुटायची तर त्याच वेढ्यातून उलटं परत जायला हवं, आणि इतक्या शेवटी आत तेवढी जागाच नसते.” त्यांनी खांदे उडवले. “मधे थोडा वेळ मशीनवर ठोकाच लागत नव्हता. आम्ही म्हटलं, पोटावरचा पट्टा सरकला. असेलही. बाळ छान आहे, तेवढं पुरे.”

आत ताई उशांना टेकून बसली होती, केस विस्कटलेले, गाल लाल. भावजी कोपऱ्यातल्या खुर्चीत घोरत होते. बाळ तिच्या कुशीत, मूठ गालाशी. मी वाकून बघितलं आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझा श्वास पुरता खाली गेला. मी हसायला लागले, मग ताईही.

“याला उठवू नकोस,” ती म्हणाली. “सगळी मेहनत त्यानंच केलीय.”

मग तिनं मला जवळ बोलावलं. भावजींकडे एकदा बघून घेतलं.

“कुणाला सांगू नकोस. मधे थोडा वेळ ही माझ्यात नव्हती.”

“म्हणजे?”

“पोट रिकामं होतं गं. मला कळत होतं. हलकं, एकदम हलकं.” ती बाळाच्या पाठीवर हळूहळू थोपटत राहिली. “आधीच्या दोन वेळांसारखं नाही. तेव्हा मी ओरडले होते. या वेळी घाबरलेच नाही. चांगल्या हातात आहे, एवढं ठाऊक होतं.”

बाळानं जांभई दिली.

“मग परत आणून ठेवली,” ताई म्हणाली.