खैरटेकला नदी नाही

"ही नदी कुठून आणली तुमी?"

दीपमाला हे एका अनोळखी मुलाला विचारत होती आणि तेही रागाने. धामणगाव बढ्यात ज्ञानेश्वरच्या दुकानात ती शिकवणीच्या पोरांच्या प्रश्नपत्रिकांचे झेरॉक्स काढायला आली होती. शेजारच्या खुर्चीत एक मुलगा लॅपटॉप घेऊन बसला होता. सहज नजर गेली आणि पडद्यावर तिला तिचं गावच दिसलं. टेकडीवरची गढी, पडका बुरूज, दरवाज्याजवळची चिंच. वर मराठीत नाव, खैरटेक. आणि टेकडीच्या पायथ्याशी निळीशार, भरून वाहणारी नदी.

"गेम आहे," मुलगा म्हणाला.

"ते दिसते मले. नदी कुठून आणली?"

"आणली नाही. बनवली." तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालाला खळी पडली. त्या खळीचाही तिला राग आला.

"खैरटेकले नदी नायी. साधा नाला नायी. मी तिथलीच हाये."

"मग तर बरंच झालं. सांगा ना, गढी कशी जमली?"

"गढी चांगली हाये. बाकी सगळं खोटं हाये."

ज्ञानेश्वरने मशीनमागून डोकं वर काढलं. "मशीन तापलं, थोडं थांबा. तवर भांडून घ्या. शेखऱ्या, आज भेटलं तुले खरं गिऱ्हाईक."

शेखर धामणगावचाच. पुण्याच्या नोकरीतून परत आला होता आणि स्वतःचा गेम बनवत होता. घरची वीज सारखी जायची, म्हणून या दुकानात बसायचा. गेम डावपेचांचा होता. पेंढाऱ्यांनी गढीला वेढा घातला आहे आणि खेळणारा गढीचा पाटील आहे. माणसं, धान्य, घोडे, बारूद, सगळं सांभाळून त्याने गढी वाचवायची. पुण्याची एक कंपनी मे महिन्यात तो पाहणार होती. आवडला तर विकत घेणार होती.

"आणि ही कोन?" दीपमालाने बोट ठेवलं. बुरुजावर एक बाई तलवार उगारून उभी होती. अंगात चकचकीत चिलखत, मोकळे केस, मुठीत मावेल एवढी कंबर.

"राणी चंद्रकला. पाटलाची बायको. तिचं खरं नाव कुठे सापडलं नाही, म्हणून मीच ठेवलं."

"आमच्या विहिरीचा दोर हिच्या कमरेपेक्षा जाड असन." ती खुर्ची ओढून बसलीच. "ना ती रानी होती, ना तिनं तलवार धरली. गढीत एकच विहीर. वेढ्यात ती आटत गेली. ह्या बाईनं आपल्या वाट्याचं पानी दुसऱ्याले पाजलं आन् ताहानेनं मेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पेंढारी आपोआप निघून गेले. आमच्या वेशीपाशी तिचा दगड हाये. ताहानबाई म्हंतात तिले. गावातून नवरी निघाली का वरात तिथं थांबते, बँड बंद होते, नवरी दगडाले तांब्याभर पानी घालते. मंगच वरात पुढं जाते."

शेखरने लॅपटॉपवरचा हात काढला. "म्हणजे बँड त्यासाठी बंद होतो होय... लहानपणी एका लग्नाला आलो होतो तुमच्याकडे. बँड मध्येच थांबला, सगळे गप्प झाले. का, ते कोणी सांगितलं नाही. तेवढंच डोक्यात राहिलं. गेमला खैरटेक घेतलं ते त्याच्यामुळेच."

"आन् आता माहीत झालं, तर काढा ही नदी."

"आधी पाणी मोजकंच ठेवलं होतं मी. ओळखीच्यांना खेळायला दिलं. बहुतेकांनी अर्ध्यातच सोडलं. म्हणाले, तहानेनं मरण्यात मजा काय? लोक दिवसभर वैतागलेले असतात हो. घटकाभर जिंकायला येतात."

दीपमालाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने आवाज चढवला नाही. राग वाढला की तिचा आवाज उलट खाली जायचा.

"माही माय मे महिन्यात टँकरपाशी रांगेत उभी होती. चक्कर येऊन पडली. उठली नायी. तिच्या बाजूनं पन एक नदी बनवा मंग. मजा येईन."

तिने झाले तेवढे झेरॉक्स उचलले आणि ती निघून गेली. पाठीमागे नुकत्याच पुन्हा सुरू झालेल्या मशीनचा आवाज तेवढा राहिला.

तो रविवारी आला. वेशीजवळ मोटारसायकल लावून ताहानबाईच्या दगडासमोर उभा होता. ऊन मी म्हणत होतं. दीपमाला शिकवणी संपवून घरी निघाली होती.

"नदी काढली," तो म्हणाला. "आता विहीर दाखवा."

ती पुढे चालू लागली. गढीतली विहीर कोरडीच होती. काठाच्या दगडांना मात्र दोराने झिजून खोल खाचा पडलेल्या. शेखर वाकला आणि त्याने एका खाचेत बोट ठेवलं. मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. फोटो काढायचं त्याला सुचलंच नाही. दीपमाला त्याच्या बोटांकडे पाहत राहिली... त्याने वर पाहिलं तेव्हा तिने घाईने चिंचेकडे पाहिलं.

"तुम्ही नेहमी रागातच असता का?"

"नायी. झोपते तवा नसते."

त्यानंतर तो दर रविवारी यायचा आणि ती दर रविवारी चुका काढायची. पाटलाच्या ताटात गव्हाची पोळी होती, तिने ज्वारीची भाकर करायला लावली. अंगणातल्या ट्यूबलाइटसारख्या लखलखीत मशाली मंद करायला लावल्या. चंद्रकलेचं चिलखत काढून तिला जाड लुगडं नेसवलं. तुम्हीचं तू कधी झालं, ते दोघांच्या ध्यानातही आलं नाही. हत्तीवरून मात्र मोठं भांडण झालं.

"एक तरी राहू दे ना. पोरांना आवडतो."

"पेंढाऱ्यापाशी हत्ती? लुटालूट करून पळाचं का हत्ती हाकत बसाचं?"

"एकच. लहानसा."

"घोडा देतो तर दे. पायजे तर पांढरा दे."

"पांढरा चालतो का इतिहासाला?"

"इतिहासाले चालते का नायी माहीत नायी. मले चालते."

तो हसला. खळी पडली. या वेळी तिला राग यायला थोडा उशीर लागला.

एप्रिल संपता संपता नवा खेळ तयार झाला. ज्ञानेश्वरने आधी खेळून पाहिला. "शेखऱ्या, लय हरामी गेम केला बे तू," तो म्हणाला, "सकाळपासून मरून राह्यलो," आणि चहा थंड करून पुन्हा खेळायला बसला.

मग दीपमाला बसली. रोज विहिरीतून निघतील तेवढ्याच घागरी. कोणाला किती द्यायच्या ते आपण ठरवायचं. बुरुजावरच्या माणसांना, घोड्यांना, बाळंतिणीला, पोरांना. प्रत्येकाच्या नावापुढे एक बटण. घोड्यांना नाही दिलं तर पळायचा रस्ता बंद. माणसांना नाही दिलं तर बुरूज पडतो. ती हरली. पुन्हा खेळली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. एकदा तिने रात्रीच्या अंधारात मागच्या दाराने सगळी पोरं बाहेर काढली आणि ती टेबलावर हात आपटून हसली. शेखर तिच्याकडे बघतच राहिला. मग खेळ पुढे सरकला आणि लुगड्यातली ती बाई विहिरीपाशी खाली बसली.

"हिच्या नावापुढं बटन काऊन नायी?"

"ती ऐकत नाही. दिलेलं पाणी ती दुसऱ्याला देते. तूच सांगितलंस."

"मंग एक बटन दे. एकदाच पाजू दे मले."

"नाही."

"नदी टाक वापस. तवा तर लय सोपी बनवली होती."

शेखर उठून उभा राहिला. रागात त्याचं पुणं गळून पडलं. "काऊन टाकू? तूच भांडली ना मह्याशी? खोटं हाये म्हणून? पंधरा वेळा बदलून घेतलं मह्याकडून. आता खरं झालं तर तुलेच सहन होत नायी."

"सगळी गढी उभी करता येते तुले. एक बाई वाचवता येत नायी?"

"नायी येत."

"मंग काय कामाचा तू," ती म्हणाली आणि दुकानाची पायरी उतरली. रस्त्यावरचं डांबर चपलांना चिकटत होतं. एसटीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण त्या गेममधल्या बाईसाठी भांडलोच नाही. आपण आपल्या मायसाठी भांडलो. आणि ते शेखरला कळलं होतं, म्हणूनच तो नाही म्हणताना तिच्या डोळ्यांत पाहत नव्हता. याचा तिला जास्त राग आला.

घरी तिने भांडी आदळली. तिचे वडील कडूबा ओट्यावर बसून बैलाची वेसण विणत होते. त्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं.

"काय झालं वं?"

तिने सांगितलं. गेम, बटण, नदी, सगळं. कडूबांना गेममधलं किती कळलं कोण जाणे. त्यांचे हात थांबले.

"तुही माय गेली तवा लोक मले म्हने, कडूबा, ती गेली नायी, इथंच हाये. मले लय राग ये." ते दोरीकडे पाहत बोलत होते. "गेली नायी, तर मंग मी रडून कोनाले राह्यलो? गेली ते गेली म्हनू दे ना मानसाले. आपुन तिच्या आठवनीपाशी एखांद्या डाव बसाचं. तेवढंच हातात असते."

त्यांनी पुन्हा दोरी विणायला घेतली. दीपमालाने आदळलेली भांडी उचलून नीट पालथी घातली.

ती पुढचे दोन रविवार वेशीकडे गेली नाही. शेखरही आला नाही. तिसऱ्या आठवड्यात ती धामणगावला गेली. झेरॉक्स काढण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून जुनीच प्रश्नपत्रिका तिने ज्ञानेश्वरच्या हातात ठेवली. त्याने ती उलटी सुलटी पाहिली, तिच्याकडे पाहिलं आणि मशीन चालू केलं.

शेखर त्याच खुर्चीत होता. दाढी वाढलेली.

"कंपनीनं नाही म्हटलं," तो म्हणाला. "नदी टाका, राणी परत आणा, मग बोलू, म्हणाले."

"मंग?"

"मग नाही म्हटलं मीपण. असाच टाकतो लोकांसमोर. खेळतील ते खेळतील."

"तुयं नुकसान झालं."

"झालं. तुझ्यावर राग आहे माझा." त्याने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "शेवट बदललाय. बघायचा तर बघ."

ती उभ्यानेच खेळली. आता तिला पाण्याचा हिशेब पाठ झाला होता. पोरं बाहेर निघाली. बाई विहिरीपाशी बसली आणि उठली नाही. सकाळ झाली, पेंढारी निघून गेले. इथे पूर्वी लाल अक्षरांत यायचं, तुम्ही हरलात. आता ते आलं नाही.

पडद्यावर चिंच मोठी होत गेली. बुरूज ढासळला. वेशीपाशी एक दगड उभा राहिला. लांबून बँडचा आवाज आला, वरात आली, आणि दगडाजवळ येताच बँड बंद झाला. नवरी पुढे आली, हातात तांब्या. खाली एकच बटण होतं. पाणी द्या.

आख्ख्या खेळात त्या बाईच्या नावाचं एवढंच बटण होतं.

दीपमालाने बोट बटणावर नेलं. तिने ते दाबलं. दगडावरून पाणी ओघळलं, खालची माती काळी झाली. मग बँड पुन्हा सुरू झाला. तिने डोळे पुसले नाहीत. वाहू दिले.

"हे... हे कवा केलं?"

"तू आली नाहीस तेव्हा."

"त्या दगडाले नवरीच पानी घालते," ती थोड्या वेळाने म्हणाली.

"माहीत आहे."

"मी अजून घातलं नायी."

"तेही माहीत आहे." त्या भांडणानंतर शेखरने पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाहिलं. "तू निघशील तेव्हा... वरात धामणगावाकडे वळली तर चालेल का?"

झेरॉक्सचं मशीन खडखडत होतं. ज्ञानेश्वरने हात लांबवून ते बंद केलं. दुकानात एकदम शांत झालं.

"धामणगावचे बँडवाले लय माजोरे," दीपमाला म्हणाली. "मधात थांबत नायीत."

"थांबवतो."

"आन् माहा राग गेला नायी अजून."

"राहू दे. माझाही आहे."

तिने लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि बसायला खुर्ची घेतली. "बुरजावरच्या मानसाले घागर कमी पडून राह्यली," ती म्हणाली. "सरक तिकडं. दाखवते."

शेखर सरकला, पण फार नाही. ज्ञानेश्वरने मशीन बंदच ठेवलं होतं.