भिंतीवरची तार

व्हरांड्यातला दिवा बंद करा, किडे येतात. हां, आता बसा.

ही गोष्ट माझ्या मावसभावाची, ओझेलची. तो खोटं बोलत नाही. त्याला ते कधी जमलंच नाही.

गेल्या ऑक्टोबरातला मंगळवार. जिनिंगवर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती आणि ओझेल ट्रकच्या सावलीत बसून डबा खात होता. तेवढ्यात वॉर्डेल आला. माउथ ऑर्गनवाला वॉर्डेल, म्हाताऱ्या क्लिओथा ब्रिग्जचा जन्माचा जोडीदार. क्लिओथाने गिटार वाजवायची आणि वॉर्डेलने साथ द्यायची, असंच अख्खं मिसिसिपी त्यांना ओळखायचं.

"क्लिओथा जॅक्सनच्या हॉस्पिटलात आहे," वॉर्डेल म्हणाला. "मूत्रपिंडं गेली त्याची. शनिवारी एर्लीनच्या गाण्याबजावण्याच्या अड्ड्यावर त्याच्या मदतीसाठी कार्यक्रम ठेवलाय. सगळे ब्लूजवाले फुकट वाजवणार."

"मी काय करू? मला टाळीसुद्धा तालात वाजवता येत नाही."

"ते गावाला माहीत आहे, लेका. तू त्याच्या घरून गिटार आण. स्टेजवर खुर्चीत ठेवू. तो नाही, तर निदान ती दिसू दे. त्यानेच सांगितलंय." वॉर्डेलने किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "कार्यक्रम झाला की दारापाशी कुंडीखाली ठेव. घरी आला की तो तिथेच शोधेल."

क्लिओथाचं घर तुम्ही पाहिलंय, कापसाच्या शेतातलं. दाराशेजारी भिंतीवर खिळ्यांना एक तार आहे. केरसुणीची सोडवलेली तार, ताण यावा म्हणून तिच्याखाली अडकवलेली बाटली. पोरवयात क्लिओथा त्या एका तारेवर बाटलीचा गळा फिरवून शिकला. गिटार फार पुढे आली. आता तार गंजून गेली होती, सैल पडून पोटासारखी लोंबत होती. गिटार घेऊन निघताना ओझेलच्या खांद्याला ती तार लागली. शर्टावर गंजाचा डाग पडला, म्हणून त्याच्या लक्षात राहिलं.

शनिवारी अंधार पडला तेव्हा एर्लीनकडे गाडी लावायला जागा नव्हती. तळलेल्या माशांचा वास, मेंफिसकडचे पाहुणे, आपली सगळी माणसं. गिटार एकटीच खुर्चीत. तिच्या बाजूला उभा राहून वॉर्डेलने असं वाजवलं की लोक रडले. तोही रडला. ओझेलला वाटलं, आपण आणली ते बरं झालं.

मग वॉर्डेलने गिटार मानेला धरून उचलली. म्हणाला, सोडतीचं पहिलं बक्षीस.

ओझेल लोकांना ढकलत स्टेजपाशी गेला.

"हे क्लिओथाकाकांना माहीत आहे?"

"हॉस्पिटल काय तळलेले मासे घेऊन औषध देतं?"

"माहीत आहे का त्यांना?"

वॉर्डेलने माईकवर हात ठेवला. लोकांकडे बघून हसतच तो बोलत होता. "तो आता काय वाजवणार आहे, ओझेल?"

"तुम्ही म्हणालात, त्यांनीच सांगितलंय."

"तसं म्हटलं नसतं तर तू आणली असतीस?"

शिकागोच्या एका माणसाचं तिकीट निघालं. त्याने गिटार गाडीच्या मागच्या सीटवर आडवी टाकली आणि तो कार्यक्रम संपायच्या आत निघूनही गेला. ओझेल न जेवताच बाहेर पडला. त्याच्या खिशात तेवढी किल्ली उरली होती.

खडीचा रस्ता. दोन्हीकडे वेचून झालेला कापूस. वारा नव्हता. ट्रक क्लिओथाच्या घरापुढे थांबवून त्याने इंजिन बंद केलं.

तेव्हा ऐकू आलं.

एकच सूर. वरून खाली घसरत आलेला. तारेवर काच फिरवल्यासारखा.

काय म्हणालास? पोरं असतील? मीही त्याला हेच म्हणालो. ऐक पुढे.

"कोण आहे?" ओझेलने विचारलं.

सूर थांबला. भिंतीजवळच्या अंधारातून आवाज आला.

"ओझेल... आणलीस?"

क्लिओथाचाच आवाज. ओझेलला आधी आनंदच झाला. म्हातारा घरी आला.

"काका, तुम्ही कधी आलात?"

आवाजाने पुन्हा तेच विचारलं.

"आणलीस का...?"

"वॉर्डेलने ती... सोडतीत दिली. काका, तो म्हणाला तुम्हीच सांगितलंत. मला वाटलं..."

रातकिडेसुद्धा गप्प.

"वॉर्डेलने," आवाज म्हणाला. विचारलं नाही. नुसतं म्हणाला.

मग पुन्हा तो सूर. आधीपेक्षा हळू. खाली... आणखी खाली... आणि शेवटाच्या अलीकडेच थांबला.

ओझेलच्या खिशात फोन थरथरला. व्हर्डेल होती, क्लिओथाची मुलगी. हॉस्पिटलातून.

"बाबा गेले, ओझेल. अंधार पडताना. दिवसभर एकच विचारत होते, गिटार घरी आहे ना? वॉर्डेलकाका दुपारी फोनवर म्हणाले, भिंतीला टांगली आहे, तिला कोणी हात लावणार नाही. म्हणून मीही त्यांना तेच सांगत राहिले..."

ओझेलने फोनचा उजेड भिंतीकडे धरला.

कोणी नव्हतं.

सकाळी मी त्याच्याबरोबर गेलो. खिळे जुनेच, जागचे हलले नव्हते. तार मात्र ताठ. आणि मधोमध, वीतभर, तिचा गंज घासून निघाला होता. तेवढीच तार नव्यासारखी चमकत होती. खाली फळीवर लाल भुकटीची बारीक रेघ. मी बोट लावलं नाही.

वॉर्डेलला मीच सांगितलं, क्लिओथाला पुरून आल्यावर. तो हसेल असं वाटलं होतं. त्याने एवढंच विचारलं, "कुठे घासली होती तार?" मी हाताने दाखवलं. "तिथेच तो बाटली फिरवायचा," तो म्हणाला. लहानपणी तोही त्याच तारेवर शिकला होता, क्लिओथाच्या शेजारी बसून. तेव्हापासून तो त्या रस्त्याने जात नाही.

व्हर्डेल अधूनमधून ओझेलला विचारते. तो म्हणतो, आज जातो, उद्या जातो.

कुंडीखाली किल्ली ठेवायची अजून राहिली आहे.