तीनशे चारची चिठ्ठी

ग्रंथालयाच्या तळघरात माझी खोली आहे. खिडकी नाही. एक दिवा, एक दाबयंत्र, खळीचं भांडं आणि पाठ मोडलेल्या पुस्तकांचा ढीग. सव्वीस वर्षं मी इथे पुस्तकं शिवतोय. वरची मंडळी मला डिंक्या म्हणतात, एकदा बसला की उठत नाही म्हणून. मला त्याचा राग येत नाही.

काउंटरवरच्या बाई मात्र मला कधी डिंक्या म्हणाल्या नाहीत. आमची ओळख झाली ती भांडणातून. दुरुस्तीला आलेल्या एका कादंबरीत मी नाक खुपसून बसलो होतो आणि त्या तीच मागायला खाली आल्या. वाचून झाली की देतो, असं मी सांगितलं. मग दोघं मिळून वाचू, पण पुढचं काही सांगितलंत तर बघा, असं त्यांनी बजावलं. तेव्हापासून अकरा वर्षं आम्ही दर कादंबरीची एकच प्रत दोघांत वाचत आलो.

दुपारी एक ते तीन ग्रंथालय बंद असतं. त्या वेळात पुस्तक माझ्याकडे. संध्याकाळी बाई ते घरी नेत आणि सकाळी माझ्या टेबलावर आणून ठेवत. खुणेला माझ्याच रिळातले दोन दोरे होते, त्यांचा पांढरा आणि माझा तपकिरी. मत द्यायचं ते चिठ्ठीवर. चिठ्ठीची घडी घालायची, बाहेर पानाचा आकडा लिहायचा आणि ती त्याच पानात ठेवायची. दुसऱ्यानं ते पान वाचेपर्यंत उघडायची नाही. बाई नेहमीच माझ्या पुढे असायच्या, त्यामुळे मला हातात चिठ्ठी असून वाट बघायची सवय लागली होती. एकदा न राहवून मी चाळीस पानं आधीच चिठ्ठी उघडली. माझ्या तोंडावरूनच त्यांनी ते ओळखलं आणि तीन दिवस बोलल्या नाहीत.

जिन्यातून उतरताना त्या एकच विचारत, "कुठपर्यंत आलात?" मी पान सांगायचो. अकरा वर्षांत आमचं बोलणं बहुतेक एवढंच. त्यांना कुठल्या नायकाचा तिटकारा आहे आणि कुठल्या म्हातारीसाठी त्या रडल्या, हे मला पाठ होतं. त्यांच्या घराला खोल्या किती, हे माहीत नव्हतं. त्या एकट्या राहत आणि मी थोरल्या बहिणीकडे, इतकं मात्र दोघांनाही माहीत होतं.

शेवटची कादंबरी माझ्याकडे आली तेव्हा तिचा मागचा पुठ्ठा फाटून गेला होता. शिवण्याआधी शेवटचं पान बघणं हा माझा धंदाच आहे. नकाशे काढणारा एक माणूस समोरच्या घरातल्या बाईच्या दाराशी उभा आहे, ठोठावायला त्यानं हात उचललाय, आणि तिथेच पान २८८ संपतं. खाली ‘समाप्त’ नाही. पुढची पानं गहाळ, असं मी ठरवून टाकलं. पुस्तक छापतात ते फर्म्यांनी, एक फर्मा सोळा पानांचा. फर्मा हरवला असेल तर आम्ही तेवढा कोरा कागद शिवून ठेवतो, म्हणजे दुसरी प्रत मिळाली की नक्कल डकवता येते. मी सोळा कोरी पानं शिवली, त्यांवर सवयीनं २८९ ते ३०४ आकडे घातले आणि दुसऱ्या शहरातल्या मोठ्या ग्रंथालयाला पत्र टाकलं. बाईंना काही बोललो नाही. खरं सांगायचं तर पुस्तक जितकं लांबेल तितकं मला हवंच होतं.

त्यांना नकाशेवाला मुळीच आवडला नाही. ‘दार समोर असताना खिडकीतून बघत बसतो, याला काय म्हणावं?’ अशी त्यांची चिठ्ठी होती. मी त्याची बाजू घेतली. बिचारा भिडस्त आहे, असं लिहिलं. दोनशेव्या पानावर मात्र मी सगळं बळ गोळा करून एकच ओळ लिहिली: ‘त्यानं विचारलं तर ती हो म्हणेल, असं तुम्हाला वाटतं का?’

उत्तर २३१ पानावर आलं. ‘हे तुम्ही नकाशेवाल्याबद्दलच विचारताय ना? असो. पुस्तक संपलं की सांगते.’

ती चिठ्ठी मी उघडली त्या दिवशी बाई कामावर आल्या नव्हत्या. रुग्णालयात नेलं होतं. आठवड्याच्या आत त्या गेल्या. पन्नाशीच्या बाईनं असं उभ्या उभ्या निघून जावं, हे मला अजून पटत नाही. आदल्या संध्याकाळी त्यांनी नेलं नव्हतं, म्हणून पुस्तक माझ्या टेबलावरच राहिलं होतं, दोन्ही दोरे एकाच फर्म्यात, त्यांचा २३५ वर आणि माझा त्याच्या चार पानं मागे. मी ते खणात ठेवून कुलूप लावलं. मला त्या कादंबरीचा शेवट नको होता. मला त्यांचं उत्तर हवं होतं, आणि ते मिळायचा रस्ता बंद झाला होता.

महिन्यानं खण उघडला. पांढरा दोरा २४७ वर होता.

मी भाबडा नाही. दोरा सरकतो, हात लागतो, माणूस विसरतो. पण २४७ मध्ये चिठ्ठीही होती. ती काउंटरच्या जुन्या पिवळ्या कागदाची होती, जो बाईंच्याच काळात संपला. त्या रात्री मी खणाला खळीनं कागदाची पट्टी चिकटवली आणि तिच्यावर सही केली. सकाळी पट्टी जशीच्या तशी होती. आत दोरा २५५ वर.

मग मी वाचायला बसलो. २४७ पर्यंत वाचलं आणि चिठ्ठी उघडली. ‘तुम्ही फार मागे राहिलात. इथे वाट बघण्याखेरीज काही काम नसतं.’ अक्षर त्यांचंच, कान्याला शेवटी छोटा हिसका देणारं. भीती वाटायला हवी होती. मी त्या कागदाचा वास घेतला आणि खूप दिवसांनी रडलो.

असे दोन आठवडे गेले. मी वाचायचो, त्या पुढे असायच्या, नकाशेवाल्याला बोल लावायच्या. इतका सुखात मी त्या जिवंत असतानाही नव्हतो, हे लिहायला लाज वाटते. २८८ व्या पानावरची चिठ्ठी छोटी होती. ‘इथे संपली असं वाटतं ना? मलाही वाटलं होतं.’

त्याच सुमारास मोठ्या ग्रंथालयाचं उत्तर आलं. त्यांच्या प्रतीतही पानं २८८ च आहेत, प्रत पूर्ण आहे, लेखकानं शेवट तसाच ठेवलाय. मी कागदावर भागाकार केला. दोनशे अठ्ठ्याऐंशी भागिले सोळा, बरोबर अठरा फर्मे. गहाळ काहीच नव्हतं. सव्वीस वर्षांच्या बांधणीवाल्यानं हे आधी करायला हवं होतं. म्हणजे ती सोळा पानं कुठल्याच कादंबरीची नव्हती. मीच ती शिवली होती.

खण उघडला. पांढरा दोरा कोऱ्या फर्म्यात गेला होता, शेवटच्या पानापर्यंत. तिथे जाड घडीची एक चिठ्ठी होती. बाहेर आकडा होता, ३०४.

पुस्तक संपलं की सांगते, असं त्या म्हणाल्या होत्या.

मी ती लगेच उघडली. आत काही नव्हतं, नुसता कोरा पिवळा कागद. तीन दिवस नवी चिठ्ठी आली नाही की दोरा हलला नाही. मी घडी पुन्हा होती तशी घातली. मग उमगलं. न वाचलेल्या माणसाला चिठ्ठीही पानांसारखीच कोरी.

म्हणून मी २८९ वाचायला घेतलं. हसायचं त्यानं हसावं. कोऱ्या पानाच्या डाव्या कोपऱ्यात बोट ठेवलं आणि ओळ असावी तिथून सरकवत नेलं, खाली आलो, पुन्हा डावीकडे. पहिले दोन दिवस कागदाचा खरखरीतपणा तेवढा कळला. तिसऱ्या दिवशी वाक्य कुठे संपतं ते कळायला लागलं. चौथ्या दिवशी दार ठोठावल्याचा आवाज मी वाचला. शाई नव्हती, पण मी वाचला.

दिवसाला एक पान व्हायचं. २९३ झालं त्या संध्याकाळी ताईनं एकच ताट वाढलं. मी समोर बसल्यावर दचकली. "अरे, तू कधी आलास?"

अर्धा तास तिथेच बसलो होतो, असं मी म्हटलं. तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि पटकन मागे घेतला.

"किती गार पडलायस. कुणाची वाट बघतोस रे एवढी?"

मी सांगितलं नाही. ताईला कादंबऱ्यांचं वेड नाही.

२९७ झालं तेव्हा काउंटरवरच्या नव्या मुलीनं बांधणीची पुस्तकं माझ्या जिन्यात ठेवायची बंद केली. खाली कोण असतं, असं ती शिपायाला विचारत होती. मी दोन पायऱ्या खाली उभा होतो. शिपाई म्हणाला, "असायचा एक. डिंक्या म्हणायचे त्याला."

त्या दोघांशी मला भांडायला हवं होतं. पण माझी सात पानं राहिली होती.

आज दुपारी एक वाजता मी ३०३ उघडलं. दारापलीकडून कुणी तरी जिना उतरून येत होतं, कडीला हात घालत होतं. तेवढ्यात खरोखरचं दार उघडलं. शिपायानं आत डोकं घातलं. त्याची नजर दाबयंत्रावरून, खळीच्या भांड्यावरून आणि माझ्यावरून फिरली. मग त्यानं दिवा बंद केला.

बाहेरून कुलूप लागलं.

मी हाक मारली नाही.

तळघरात मिट्ट काळोख झाला. बोट ओळीवर होतं तिथेच होतं, आणि त्याच्या पुढची अक्षरं आता अगदी स्वच्छ दिसत होती. कान्याला शेवटी छोटा हिसका होता.

मी पान उलटलं. ३०४ वरच्या चिठ्ठीपाशी बोटांना दोन दोरे लागले. अकरा वर्षांत ते कधी एका पानावर आले नव्हते.