तीन नंबरचा प्लग

ही घटना खरी आहे. घुबड, अमावास्या, पांढरी साडी यातलं तिच्यात काहीही नाही. ते हवं असणाऱ्यांनी माझ्यावर वैतागू नये. माझं सांगलीत विश्रामबागला गॅरेज आहे आणि भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. पण हे माझ्या आजोबांच्या हातून घडलंय, आणि आजोबा खोटं बोलत नसत.

साल १९४६. वैशाख. दुपारचे दोन.

आजोबांची, म्हणजे इमाम मिस्त्रींची, आष्ट्यात सांगलीच्या रस्त्याला पत्र्याची शेड होती. लढाईच्या वर्षांत त्यांनी लष्कराच्या गाड्या दुरुस्त केल्या होत्या. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून ते रोग सांगायचे.

त्या दुपारी शिराळ्याकडून एक गाडी आली. लंगडत.

धड, धड, धड... मग एक ठोका गायब.

धड, धड, धड... पुन्हा गायब.

गाडी चालवत होते शिराळ्याचे हंबीरराव. घरचा ऊस, नुकतेच पलटणीतून हवालदार म्हणून सुटून आलेले. गाडी लष्कराच्या लिलावात घेतलेली. मागच्या सीटवर त्यांची आई चंद्राबाई. तिच्या मांडीवर डोकं ठेवून हंबीररावांची बायको, बनाबाई. छातीत पाणी साठलेलं. ओठ निळे पडलेले.

"मिस्त्री, सांगलीला डॉक्टरकडं न्यायची हाय. गाडी मिसिंग मारतीया, चढ बी चढंना. काय बी करा, पर लवकर करा."

"इंजान चालू ऱ्हाऊ द्या, हवालदार."

आजोबांनी लाकडी मुठीचा पेचकस घेतला आणि एकेका प्लगचा करंट तोडून पाहिला. एक नंबरचा तोडला, इंजिन आणखी लंगडलं. म्हणजे एक नंबर चांगला. दोन चांगला. चार चांगला.

तीनचा तोडला... काहीच फरक नाही.

तीन नंबर मेलेला होता.

इंजिन बंद करून त्यांनी प्लग काढला. कोरडा, स्वच्छ. ठिणगीही झकास. राहिलं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला हवेचा दाब. त्यासाठी प्लगच्या रिकाम्या भोकावर अंगठा दाबायचा आणि दुसऱ्यानं पुढून हँडल फिरवायचं. सिलिंडर धड असेल तर आतली हवा अंगठा उडवून लावते.

हंबीररावांनी हँडल फिरवलं. हवा जोरात आली.

"बास," आजोबा म्हणाले. हंबीररावांनी हँडल काढून घेतलं.

अंगठ्याखाली हवा... येतच राहिली.

सावकाश. कोमट. ओलसर.

बाहेर... मग आत. बाहेर... मग आत.

इंजिन बंद होतं. पंख्याचं पातंसुद्धा हलत नव्हतं.  आजोबांनी अंगठा घट्ट दाबला.

मागून चंद्राबाई ओरडल्या, "बने! आगं श्वास घे की गं! हंबीरा, ही दम घेईना रं!"

आजोबांनी अंगठा उचलला.

"आला... आला बाई दम," मागून चंद्राबाई म्हणाल्या.

यापुढचं सांगताना आजोबांची मान खाली असायची. दोनदा तपासल्याशिवाय दोष ठरवायचा नाही, ही त्यांची पद्धत.

त्यांनी अंगठा पुन्हा दाबला.

मागं पाय झाडल्याचा आवाज आला.

त्यांनी चटकन हात काढला. प्लग खिशात टाकला, वायर बाजूला बांधली. "हवालदार, हाय अशीच चालवा. तीन सिलिंडरवर जाईल. आवाज लय हुईल, पर पोचंल."

"आन प्लग?"

"भोक ऱ्हाऊ द्या उघडं. मी येतो संगं."

बॉनेट शेडमध्येच ठेवलं. आजोबा तापलेल्या मडगार्डवर बसले आणि भोकात धूळ जाऊ नये म्हणून हाताचा आडोसा धरला. भोकातून फटाके फुटल्यासारखा आवाज होत होता. आयर्विन पुलावर लोक थांबून बघत होते.

सांगलीत डॉक्टरांच्या दारात गाडी थांबली. बनाबाईंना उचलून आत नेलं. सुनेचा हात हातात धरून चंद्राबाईही गेल्या. आजोबा गाडीपाशीच राहिले.

इंजिन बंद. गल्लीत शुकशुकाट.

आणि भोकातून श्वास... आधीपेक्षा मोठा. गाढ झोपलेल्या माणसासारखा.

आजोबांना हायसं वाटलं. वाचली बिचारी, असं ते मनात म्हणाले.

अर्ध्या तासानं हंबीरराव बाहेर आले.

"गेली, मिस्त्री. डॉक्टर म्हंत्यात, आणली तवाच गेल्याली हुती. छातीत दमच न्हवता."

आजोबांनी इंजिनाकडं पाहिलं.

बाहेर... मग आत.

सांगायला हवं होतं. त्यांनी तोंड उघडलंसुद्धा. पण ज्याची बायको आत्ता गेली त्याला काय सांगणार? तुमची बायको इंजिनात श्वास घेतीया? 

बनाबाईंना पुन्हा मागच्या सीटवर ठेवलं. चंद्राबाई तो हात धरून शेजारी बसल्या. रडत नव्हत्या.

"प्लग बसवा," हंबीरराव म्हणाले.

"उघडंच ऱ्हाऊ द्या की, हवालदार."

"त्या फटाक्यात गावात नेऊ व्हय रं तिला? लगीन हाय का?" त्यांचा आवाज फाटला. "बसव प्लग!"

आजोबांनी खिशातून प्लग काढला. भोकाशी धरला, तर आतली हवा त्याला बाहेर ढकलत होती...

एक आटा. दोन आटे. मग पाना लावला आणि आवळला.

आतला आवाज थांबला.

मागून चंद्राबाई म्हणाल्या, अगदी हळू, "इतका येळ घट्ट धरला हुतास की गं माझा हात... आत्ता सोडलास व्हय?"

गाडी पहिल्या हँडलला सुरू झाली. चारही सिलिंडर. शिराळ्यापर्यंत एक ठोका चुकला नाही.

डॉक्टर शिकलेले होते, ते चुकले असं मी म्हणणार नाही. आजोबांना खोटं पाडायची माझी छाती नाही. मग तो अर्धा तास बनाबाई होत्या कुठं? हे मी आजोबांना एकदाच विचारलं, आणि विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

"गाडी बरी झाली हुती," एवढंच ते म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडायला लागले.