हलती साळू

बुडालेल्या गावात जायला आता होडी लागत नाही. पुनर्वसन वसाहतीतल्या गोल खोलीत पाऊल टाकलं, की धरणाखाली गेलेलं आंबेदरा भोवती उभं राहतं. पाराला वळसा घालावा, कुणाच्याही दाराशी जाऊन थांबावं. याला म्हणतात सलगदृश्य: जुने फोटो एकमेकांना शिवून, त्यांतली खोली गणितानं काढून उभारलेली जागा.

शिवण्याआधी फोटो तयार करावे लागतात. उजेड सारखा करायचा, वाकलेल्या कडा सरळ करायच्या आणि हलतं ते पुसायचं. शेजारच्या दोन फोटोंचा थोडा भाग सामाईक असतो. यंत्र तो ताडून बघतं. दोन्हींत जागच्या जागी दिसेल ते खरं. एकातच दिसेल ते हलतं.

आज द्वारकाबाईंच्या आळीची पाळी होती. गाव सोडायच्या आदल्या दिवशी त्यांच्या दिरानं पारावर उभं राहून, गोल फिरत अकरा फोटो काढले होते. "दारात उभं ऱ्हावा, हलू नका," असं बजावून. सगळं गाव खांबासारखं उभं राहिलं. द्वारकाबाईंची सहा वर्षांची लेक साळू मात्र कॅमेऱ्याबरोबर पळत सुटली. तिला प्रत्येक फोटोत यायचं होतं. पुढच्या साली ती तापानं गेली. तिचे फोटो एवढेच.

"नऊ ठिकाणी हसतीय बघा, मावशी," सलगदृश्य उभारणारी डॉ. ऋजुता म्हणाली. "पण नऊही हलत्या."

"मग त्यातली एक ऱ्हाऊ दे की. तुझं यंत्र काय उपाशी मरतंय?"

"ठेवली तर तिथं दोन फोटोंची साक्ष जुळत नाही. भिंत फाटते. मागच्या दारातली माणसं त्या भोकात जातात."

"मागं कोण हाय?"

"येसू कुंभार. त्यांची आई."

येसूची लेक रोज सकाळी येऊन विचारायची, आजी कधी दिसणार.

"शेवटच्या दोन फोटोंत साळू हललेली नाही," ऋजुता अडखळली. "तुमच्या शेजारीच आहे. तेवढी राहील. पण ती..."

"रडतीय. ठावं हाय मला." त्यांनी उजवा तळवा पदराखाली घेतला. "लई पळत व्हती. म्हनलं, फोटो बिघडंल. धरली, अन् दिली एक ठेवून. मग ऱ्हायली उभी."

"पुसू का, मावशी?"

"नगं. रडू दे. हाय तर खरी."

शिवण पुरी झाली. द्वारकाबाई आत गेल्या. दारात साळू होती, गालावर ओघळ, ओठ मुडपलेले. त्यांनी हात पुढं केला. तो उजेडातून आरपार गेला. शेजारी तिशीतली द्वारका उभी होती, नीट पदर घेऊन, कॅमेऱ्याकडे बघत. सांगितल्याप्रमाणे न हलता.

म्हाताऱ्या द्वारकाबाई तिच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"अगं बये, वळ की," त्या म्हणाल्या. "घे की तिला."