बोटभर फट

घर ऊबदार ठेवणाऱ्या भट्टीची शेवटची वीट बसवून काउको गवंड्याने हात धुतले, कॉफीचा पेला घेतला आणि सायमीला पुन्हा एकदा पढवायला सुरुवात केली.

"मालकीणबाई, घाई नको. ओल पूर्ण जाऊ द्या, खिडक्या उघड्या ठेवा. मग पहिल्यांदा मूठभर काटक्या, बस्स. आतला गाभा तापला की फुगतो. म्हणून तो आणि बाहेरची भिंत यांच्यात मी बोटभर फट सोडलीय, पुठ्ठ्याच्या पट्ट्या घालून. विल्होने तीच सोडली नव्हती."

"त्याला मी म्हटलं होतं," सायमी म्हणाली. "तर म्हणे, घर आधीच एवढंसं, त्यात रिकामी जागा कशाला सोडायची?"

काउको हसला. तीही हसली, पण मग उगाच टेबल पुसत राहिली.

नवऱ्याने, विल्होने, स्वतः बांधलेल्या जुन्या भट्टीला पहिल्याच हिवाळ्यात तडा गेला होता. भट्टीच्या दाराच्या कोपऱ्यातून निघायचा, डावीकडे वळायचा आणि आढ्यापर्यंत चढायचा. दर शरदात, बटाटे काढून झाले की, दोघं माती कालवून तो बुजवत. खांद्यापर्यंत ती, त्याच्या वर उंच विल्हो. "खालचं तुझं, वरचं माझं," तो म्हणायचा. मग भट्टीपुढच्या बाकावर असा ऐसपैस बसायचा, की सायमीला रोज म्हणावं लागे, "सरक जरा."

विल्हो गेल्यावर वरचा अर्धा तडा तसाच उघडा राहिला. घरात धूर यायला लागला तेव्हा मुलगी, मार्युत, योएन्सू शहरातून आली आणि म्हणाली, "आई, एक दिवस झोपेतच जाशील. नवी भट्टी बांधून घे, नाहीतर माझ्याकडे चल. तिथे नळातून गरम पाणी येतं." गरम पाण्यासाठी घर सोडणारी सायमी नव्हती. तिने भट्टी बांधून घेतली.

जुन्या विटा गोठ्यामागे रचल्या गेल्या. नवी भिंत सरळ, नेटकी, परक्यासारखी उभी होती.

आठवडाभराने दाराच्या कोपऱ्यात केसाएवढी रेघ दिसली.

काउको आला. त्याने भिंतीला तळवा लावला. तळघरातल्या बटाट्यासारखी गार.

"गुपचूप पेटवलीत ना?"

"नाही रे बाबा."

"आतलं फुगल्याशिवाय बाहेरचं फाटत नाही, मालकीणबाई. विस्तवाशिवाय तडा जातच नाही."

"तूच सांग मग या रेघेला."

रेघ रोज थोडी वाढत होती. सायमी सकाळी खुर्ची ओढून समोर बसे आणि राय धान्याच्या पावाला लोणी लावत बघत राही. आता डावीकडे वळेल, ती मनात म्हणायची. रेघ डावीकडे वळायची. कितीतरी दिवसांनी तिला एकटीने खाताना घास गोड लागत होता.

काउको मात्र कासावीस झाला. "शनिवारी येतो. बाहेरची भिंत उतरवून परत बांधतो. फुकट. गावात मला तोंड दाखवायला नको?"

"राहू दे ना तशीच."

"आणि रविवारी मार्युत येईल, थंड भट्टी बघेल आणि तुम्हाला उचलून नेईल. ते चालेल?"

शुक्रवारी सायमीने सवयीने माती कालवली आणि अंगठ्याने दाबत तडा खांद्यापर्यंत बुजवला. वर हात पोचेना. स्टूल गोठ्यात होतं. तिने नाही आणलं.

सकाळी वरचा अर्धा तडाही बुजलेला होता.

"या वयात वर चढलात?" आल्या आल्या काउको ओरडला.

त्याने छिन्नी घेतली आणि सायमीच्या खांद्याच्या उंचीखालची एक वीट अलगद सुटी केली. विटेबरोबर वाळत आलेल्या मातीची लांबट खपली अख्खी निघाली. त्याने ती उलटी केली. सुलटी केली. मग सायमीच्या हातात दिली.

एका बाजूला तिच्या अंगठ्याचे ठसे होते, एकाखाली एक.

दुसऱ्या, फटीकडच्या बाजूला, प्रत्येक ठशाच्या बरोबर पाठीमागे, एकेका रुंद अंगठ्याचा ठसा.

काउकोने फटीत हात घालून पाहिला. बोटाच्या दुसऱ्या पेरावर अडकला. आत पुठ्ठ्याची पट्टी जागच्या जागी उभी होती.

त्याने खपली जपून परत बसवली, वीट परत बसवली. हत्यारं गोळा करताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

"भट्टी चांगली आहे," तो म्हणाला. "मार्युतला सांगेन मी." दारात थांबला. "फक्त ती फट मोकळी हवी. तापल्यावर आत काही असलं, तर..."

वाक्य पुरं न करता तो गेला.

बाहेर तळ्याच्या काठाला बर्फाची पापडी धरली होती. सायमी बाकावर बसली. पेटवावी, तर त्याला पोळेल. न पेटवावी, तर उद्या मार्युत नेईल, आणि हा इथे एकटा राहील, गारठ्यात.

शेवटी ती उठली. मूठभर बर्चच्या काटक्या रचल्या. काडी ओढली आणि भिंतीजवळ तोंड नेलं.

"विल्हो," ती म्हणाली, "सरक जरा."

भिंतीच्या आत, खालून वरपर्यंत, पुठ्ठा सावकाश घासत गेला.