बुरुजातलं विमान

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. हे माझ्या मोठ्या जावेच्या बाबतीत घडलं. गेल्या हिवाळ्यात, भर दुपारी.

जाऊबाई जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीचं काम बघतात. दीर हवाई दलात, लढाऊ विमानाचे पायलट. तळाला लागूनच सातशे वर्षांचा किल्ला आहे. सरावाची विमानं किल्ल्यावर सूर मारायची आणि बुरुजाला तडे जायचे.

"नवरा पाडतो, बायको लिंपते," असं आम्ही चिडवायचो.

तड्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवायची, ही त्यांची पद्धत. भिंत हलली की काच तडकते.

विमानं गेली की काच तडकायचीच.

पण त्या आठवड्यात उड्डाणं बंद होती...

तरीही तडकली.

"बुरूज उपाशी आहे, बाई," म्हातारा गवंडी हसत म्हणाला. बांधताना तो सारखा ढासळायचा, म्हणून एक पोर जिवंत चिणलं होतं म्हणे. जाऊबाईंनी त्याला झापलं. शेजारी त्यांची चार वर्षांची लेक उभी होती.

तिला घरात सगळे भिंगरी म्हणतात. हात पसरायचे आणि तोंडाने 'घूंऽऽ' करत दिवसभर विमान होऊन फिरायचं, हाच तिचा खेळ. त्या दिवशी पाळणाघर बंद, म्हणून बरोबर आणलेली.

गवंडी चुना कालवायला खाली गेला. जाऊबाई फुटकी पट्टी काढू लागल्या. भिंगरी बुरुजाला फेऱ्या घालत होती. घूंऽऽ मागे जायचं, पुन्हा पुढे यायचं.

एकदा मागे गेलं...

आणि थांबलं.

त्या धावणार, इतक्यात पलीकडून भिंगरी आली. गुपचूप. तिने आईचं बोट धरलं. हात गारठलेला.

मग तड्यातून आवाज आला.

घूंऽऽ...

आणि पाठोपाठ, "आई, मी इथे आहे. काढ ना मला."

तडा इतका अरुंद, की पंजाही आत जाणार नाही. आणि लेक तर बोट धरून उभी! जाऊबाईंची पाचावर धारण बसली. गवंड्याने घमेलं आणताच त्यांनी थापी हिसकावली आणि स्वतःच्या हाताने तडा बुजवला. आत कुणीतरी हुंदके देत होतं.

त्यांनी आणखी चुना दाबला.

काच पुन्हा कधीच तडकली नाही.

पुढच्या आठवड्यात विमानं उडाली. एरवी भिंगरी "बाबा, बाबा" करत अंगणात पळायची. या वेळी ती पलंगाखाली शिरली. कान गच्च झाकून म्हणाली, "हे वर काय ओरडतंय?"

जाऊबाईंनी तिला बाहेर ओढलं. तिच्या नखांत चुना होता...

जुना. दगड झालेला.

त्या छिन्नी घेऊन दाराकडे धावल्या. पोर उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"आता उकरून काय उपयोग? आत हवा नसते. मला माहीत आहे."

जाऊबाई अजून रोज त्या बुरुजाला कान लावून बसतात. विमान गेलं की आतून बारीक घूंऽऽ येतं म्हणतात. दीर म्हणतात, कामाचा ताण.

आज त्या पोरीला आमच्याकडे सोडून गेल्यात. नाही म्हणता आलं नाही. लिहिता लिहिता मी दोनदा उठून आतल्या खोलीत डोकावले. ती आणि माझा मुलगा भिंतीला टेकून गुपचूप बसलेत.

माझा मुलगा कधीच गुपचूप बसत नाही...